बंदी घातलेले शब्द आणि न बदललेला ड्युटी चार्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीत दीडेकशे माणसांचा सुट्या भागांचा कारखाना. मॅनेजमेंटने चाळीस शब्दांची यादी नोटीस बोर्डावर लावली: जातीवरून, बाईपणावरून, अपंगत्वावरून, परप्रांतीय असण्यावरून बोलले जाणारे शब्द आजपासून बंद. तीन महिन्यांनी शॉप फ्लोअरवर ते शब्द कमी ऐकू येतात, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच यादीची टिंगल चालते आणि नव्याने भरती झालेल्या मुलींना अजूनही पॅकिंगलाच बसवतात. तुम्ही विचारता, शब्द बंद केल्याने पूर्वग्रह खरंच कमी होतो की हे सगळं वरवरचं आहे? आणि ज्या जुन्या सुपरवायझरचं तोंड बंद झालं पण वागणं तेच राहिलं, त्याचं काय करायचं?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये अंतर्गत समितीची (स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या समितीची) बाहेरची सदस्य म्हणून आणि प्रशिक्षणं घेताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो. यात खरं तर तीन प्रश्न एकात एक अडकलेले आहेत. ज्याच्या अंगावर तो शब्द फेकला जातो त्याला बंदीचा फायदा होतो का? होतो, आणि पहिल्या दिवसापासून होतो. बोलणाऱ्याचं मन बदलतं का? नुसत्या बंदीने नाही, आणि बंदी धाकाने आली तर मन आणखी कडवट होऊ शकतं. राहिले मधले शंभर-सव्वाशे लोक, जे स्वतः शिवी देत नाहीत आणि ज्यांना ती दिली जात नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा परिणाम त्यांच्यावर होतो, आणि याद्या करणारे नेमके त्यांनाच विसरतात.

पहिला मुद्दा लवकर उरकते, कारण त्यात वाद नाही. लंगडणाऱ्या माणसाला दिवसातून चार वेळा त्याच्या पायावरून हाक मारली जात असेल, तर ती थांबणं हाच फायदा आहे. हाक मारणाऱ्याच्या मनात काय चाललंय याची वाट त्याने का पाहावी? 'मन बदलत नाही तर बंदीचा उपयोग काय' असं विचारणारा माणूस बहुधा त्या हाकेच्या टप्प्यात आलेला नसतो.

आता मधल्या लोकांविषयी. १९८५ मध्ये अमेरिकेत ग्रीनबर्ग आणि पिझचिन्स्की यांनी एक प्रयोग केला होता. एका वादविवादात भाग घेणाऱ्या कृष्णवर्णीय वक्त्याबद्दल प्रेक्षकांतून कुणीतरी वांशिक शिवी पुटपुटतो. तो वक्ता वादात हरलेला असेल तर शिवी ऐकणाऱ्यांनी त्याच्या कौशल्याला कमी गुण दिले. शिवी त्यांनी दिली नव्हती, फक्त ऐकली होती. पोलंडमधल्या सोराल, बिलेविच आणि विनियेव्स्की यांच्या २०१८ च्या संशोधनातही हेच सूत्र सापडतं: द्वेषाची भाषा वारंवार कानावर पडली की ती टोचेनाशी होते, आणि टोचेनाशी झाली की ज्यांच्याबद्दल ती वापरली जाते त्यांच्याविषयीचा पूर्वग्रह वाढतो. थॉमस फोर्ड यांनी २००८ मध्ये विनोदाबद्दल असंच दाखवलं. बायकांना कमी लेखणारे विनोद ऐकल्यावर, ज्या पुरुषांच्या मनात आधीच स्त्रियांबद्दल आकस होता त्यांनी महिलांच्या संस्थेला कमी देणगी देण्याची तयारी दाखवली. विनोदाने आकस जन्माला आला नाही, तर असलेल्या आकसाला 'इथे चालतं' असा परवाना मिळाला.

हा परवानाच महत्त्वाचा आहे. माणूस काय बोलतो, कुणाला डावलतो, हे त्याच्या खासगी मतापेक्षा 'आपल्या लोकांत काय चालतं' या अंदाजावर जास्त ठरतं. फ्लेचर ब्लँचर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या प्रयोगांत, शेजारच्या एकाने वांशिक अपमानाचा स्पष्ट निषेध केला की पुढचा माणूसही तितक्याच ठामपणे निषेध करायचा. शेजारच्याने त्याची पाठराखण केली की पुढच्याचं मत ढिलं पडायचं. रवांडात एलिझाबेथ पालक यांनी वंशद्वेष कमी व्हावा म्हणून प्रसारित झालेल्या एका रेडिओ मालिकेचा परिणाम तपासला आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. श्रोत्यांच्या खासगी समजुती फारशा हलल्या नव्हत्या, पण 'आपल्यात कसं वागायचं असतं' याचा त्यांचा अंदाज आणि त्याबरोबर प्रत्यक्ष वागणं बदललं होतं. तुमच्या कारखान्यात सहा महिन्यांत एवढं झालं तरी खूप झालं. मनं उघडून पाहायचं काम एचआरचं नाहीच.

मग तुमच्याकडे टिंगल का चालली आहे? याचं उत्तर लेगॉल्ट आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात आहे. त्यांनी पूर्वग्रहविरोधी दोन पत्रकं तयार केली. एकात 'हे केलंच पाहिजे, नाहीतर परिणाम भोगा' असा सूर, दुसऱ्यात पूर्वग्रह सोडणं आपल्याला का पटावं याची कारणं. दुसऱ्याने पूर्वग्रह कमी झाला. पहिल्याने तो वाढला, पत्रक न वाचलेल्यांपेक्षाही जास्त. तुमची यादी सहीशिक्क्यानिशी, कारण न देता, ज्यांनी कधी लाइनवर उभं राहून काम केलं नाही त्यांच्याकडून आली. ती पहिल्या पत्रकासारखी वाचली गेली.

इथवरचं एवढंच लक्षात ठेवा: ज्याच्यावर शब्द फेकला जातो त्याला बंदी वाचवते, मधल्यांना हद्द दाखवते, आणि बोलणाऱ्याचं मन बदलायचं असेल तर तिला दोन गोष्टींची जोड लागते, पटणारं कारण आणि बदललेला व्यवहार. यातली दुसरी गोष्ट सगळे टाळतात, कारण तिला खर्च आणि धाडस लागतं.

चाळीस शब्द एका रांगेत लिहिल्याने तुमच्या यादीतच एक दोष शिरला आहे. जातीवरून दिलेली शिवी आणि 'मावशी' ही हाक एकाच कागदावर आली की लोक 'मावशी'वर हसतात आणि त्या हसण्यात शिवीही हलकी होते. ढीग वेगळे करा. पहिला ढीग बिनचर्चेचा: जातीच्या नावाने हिणवणं, लैंगिक शेरे, 'छक्का', 'बायल्या', अंगातल्या व्यंगावरून हाक. हे सहा-सात ओळींत मावतं आणि त्यावर मतदान नको. दुसरा ढीग हाकांचा: मावशी, भय्या, अण्णा, बाई, पोरी. इथे शब्दापेक्षा कोण कुणाला म्हणतो ते पाहावं लागतं. दोन भय्ये एकमेकांना 'भय्या' म्हणाले तर प्रश्न नाही. लाइनवरच्या प्रत्येक उत्तर भारतीयाला नाव असताना 'ए भय्या' म्हटलं तर आहे. हाऊसकीपिंगच्या काही बायकांना 'मावशी' आवडतं, काहींना ते वयावरून आणि कामावरून लावलेलं लेबल वाटतं. हे परस्पर ठरवू नका, त्यांना एकेकटीला विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर 'काहीही चालेल हो' हेच उत्तर येतं. आणि कंत्राटी कामगारांसकट सगळ्यांच्या छातीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत नावाचा बिल्ला लावा. 'तुमच्या बिल्ल्यावर नाव आहे ना, तेच म्हणा' एवढं म्हटलं की निम्मे वाद उरत नाहीत.

तिसरा ढीग कागदांचा, आणि यात मेहनत सगळ्यात कमी, फळ जास्त. गेटवरची जाहिरात 'मुलगे पाहिजेत, ऑपरेटर; लेडीज, पॅकिंग' अशी असेल तर ती आज काढा. गॉशर, फ्रीझन आणि के यांनी २०११ मध्ये दाखवलं की पुरुषी धाटणीच्या शब्दांत लिहिलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात. 'आपल्याला हे जमणार नाही' हे त्याचं कारण नव्हतं, 'इथे आपली जागा नाही' हे होतं. जर्मनी आणि बेल्जियममधल्या शाळकरी मुलामुलींवरच्या २०१५ च्या अभ्यासात, व्यवसायाचं नाव पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशा दोन्ही रूपांत सांगितलं तर पुरुषांचे समजले जाणारे व्यवसाय त्यांना जास्त आवाक्यातले वाटले. मराठीत क्रियापदही लिंग दाखवतं, त्यामुळे 'ऑपरेटर मशिन सुरू करतो, मग गेज तपासतो' असं लिहिलेलं काम-सूचनापत्रक रोज नकळत सांगत राहतं की ऑपरेटर पुरुषच. 'मशिन सुरू करा, गेज तपासा' असं लिहिलं की प्रश्नच मिटतो, आणि सूचना आटोपशीरही होते. स्वीडनमध्ये 'हेन' हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात आलं. ते वापरायला लावल्यावर लोकांच्या मनात आपोआप पुरुषच उभा राहण्याचं प्रमाण घटलं आणि स्त्रियांबद्दलचं मत थोडं अनुकूल झालं, असं टाव्हिट्स आणि पेरेझ यांनी २०१९ मध्ये नोंदवलं. 'थोडं' हा शब्द नजरेआड करू नका. परिणाम खरा आहे, पण छोटा आहे.

आता नुसती नावं बदलण्याविषयी, कारण मॅनेजमेंटला हा उपाय फार आवडतो. स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ मध्ये मांडलेलं निरीक्षण आहे की वागणूक तीच राहिली तर नव्या शब्दालाही काही वर्षांत जुना वास लागतो, मग आणखी नवा शब्द शोधावा लागतो. आपल्याकडे उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' लावण्याचा विचार पुढे आणला आणि त्यावर सगळीकडून टीका झाली, कारण नवऱ्याच्या मरणावरून बाईची ओळख ठरवायची रीत त्यात तशीच राहत होती. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने शब्दाला हात न लावता कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथाच बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एकीकडे शब्दाचा विचार होता, दुसरीकडे त्या बाईच्या हातातल्या बांगड्यांचा. कशाने तिचं जगणं बदलेल, हे कुठल्याही बाईला विचारून पाहा.

याची उलट बाजू तुमच्या शेजारीच, वाशीच्या एपीएमसीत (बाजार समितीत) दिसते. १९६९ च्या कायद्याचं नाव महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. 'हमाल' हा शब्द कायद्याच्या नावातच आहे, तो कुणी खरवडून काढला नाही. पण अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या त्या कायद्याने नोंदणी दिली, मंडळ दिलं, मालकाकडून लेव्ही (मजुरीवरचा जादा आकार) घेऊन भविष्य निर्वाह निधी आणि इतर हक्क दिले. आज 'मी माथाडी' असं सांगताना नोंदीत कामगाराचा आवाज खाली जात नाही. दुसरीकडे घोडबंदर रोडवर अशी संकुलं सापडतात जिथे पाटीवरचं 'नोकर' जाऊन 'हाऊस हेल्प' आलं, पण पाटी लावलीय ती वेगळ्या लिफ्टवरच. पाटी रंगवायला पैसे नकोत, लिफ्ट सगळ्यांना खुली करा.

कारखान्यात हे कसं करायचं ते सांगते. यादी काढणाऱ्यांनी आधी ज्यांचं बाकीचे ऐकतात असे लोक शोधावेत. सगळ्यांना एक चिठ्ठी द्या, नाव न लिहिता: 'काही अडलं तर तुम्ही ज्यांचा सल्ला घेता अशा तिघांची नावं.' प्रत्येक शिफ्टमध्ये तीच ती पाच-सहा नावं वर येतील, आणि त्यात युनियनचा नेता किंवा सुपरवायझर असेलच असं नाही; बहुतेक वेळा एखादा जुना फिटर किंवा कॅन्टीनचा माणूस निघतो. न्यू जर्सीतल्या ५६ शाळांपैकी निम्म्या शाळांमध्ये एलिझाबेथ पालक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाला भांडणांविरुद्ध उभं राहायला मदत केली. वर्षभरात शिस्तभंगाच्या नोंदी ३० टक्क्यांनी घटल्या, आणि ज्या गटांत सगळ्यांशी ओळखपाळख असलेली मुलं जास्त होती तिथे परिणाम जास्त होता. २०१६ चं हे काम शाळांमधलं आहे, कारखान्यातलं नाही, पण नोटीस बोर्डापेक्षा ओळखीचा माणूस वजनदार ठरतो हे इथेही दिसतं.

या लोकांना भाषण शिकवू नका, दोन वाक्यं शिकवा. एक चारचौघांतलं: 'हा शब्द इथे नको.' एवढंच, हसून नाही, चिडून नाही, आणि लगेच कामाचं बोलायचं. दुसरं बाजूला घेऊन, त्याच दिवशी: 'तो ऐकत होता. उद्या तुझ्या भावाला कुठे असं कुणी म्हटलं तर?' चारचौघांतलं वाक्य वगळून नुसतं बाजूला घेऊन सांगितलं, तर बाकीच्यांनी फक्त तुमची शांतता ऐकलेली असते, आणि तिचा अर्थ 'चालतं' असाच घेतला जातो. उलट कारणं चारचौघांत दिली की ती शिकवणी होते, मग माणूस इज्जत वाचवायला भांडतो. ज्याला शिवी दिली गेली त्याच्यावर ही जबाबदारी कधीच टाकू नका.

प्रशिक्षण वर्षातून एक दिवस हॉटेलात नको. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांपैकी १५० शाळांत सातवी ते दहावीच्या मुलामुलींसोबत साधारण तीन आठवड्यांनी एक, ४५ मिनिटांची चर्चा, असं अडीच वर्षं झालं. स्त्री-पुरुष समानतेबद्दलची मतं बदलली, मुलगे स्वतः घरकामात जास्त हात लावत असल्याचं सांगू लागले, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही फरक टिकून होता. मोठ्या माणसांत बदल याहून हळू होणार, पण लय तीच ठेवा: बारा-पंधरा जण, तीन आठवड्यांनी एकदा, शिफ्टच्या वेळेतच. शिफ्ट सुटल्यावर थांबवलं तर बस चुकते आणि विषयावरच राग निघतो. पहिल्या तीन बैठका सुपरवायझर आणि मॅनेजर यांच्याच घ्या. साहेब मीटिंगमध्ये 'बांगड्या भरल्यात का' म्हणतात आणि हेल्परला त्याच शब्दासाठी मेमो मिळतो, असं एकदा जरी झालं तरी तुमचं सगळं काम मातीत जातं.

आता मुलींच्या पॅकिंगबद्दल. मिसळून काम करणं सगळ्यात जास्त परिणामकारक असतं, पण कसं मिसळता यावर ते अवलंबून आहे. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुण निवडले, त्यांतल्या काहींच्या क्रिकेट लीग भरवून वेगवेगळ्या जातींचे खेळाडू काही ठिकाणी एका संघात, काही ठिकाणी विरुद्ध संघांत ठेवले. एका संघात खेळल्याने जातीपलीकडच्या मैत्री वाढल्या. समोरासमोर खेळण्याने तसा फायदा झाला नाही, काही बाबतीत नुकसान झालं. म्हणून 'लेडीज लाइन विरुद्ध जेंट्स लाइन' असली उत्पादनाची स्पर्धा मुळीच लावू नका. महिला दिनाला हा प्रकार हमखास सुचतो. दोन मुली आणि दोन मुलगे एका सेलवर (मशिनच्या एका गटावर), एकच टार्गेट, एकच इन्सेंटिव्ह, आणि सेटिंगचं (मशिन जुळवून लावायचं) काम आठवड्याने आळीपाळीने. मुलगी एकटी नको. ती चुकली तर 'बायकांना जमत नाही' असं ठरतं, दोघी असल्या की एकीची चूक तिचीच राहते.

मोजायचं काय? शब्द मोजू नका. २००७ मध्ये थोरात आणि अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी कंपन्यांना पाठवले. पुढे बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला ०.६७ पट आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट निघाली. एकही अपशब्द न उच्चारता हे घडलं. म्हणून दर तिमाहीला चार कागद पाहा: सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या) सेटिंगवर कुणाची नावं, ओव्हरटाइम कुणाला, स्किल मॅट्रिक्समध्ये (कुणाला कोणतं काम येतं याच्या तक्त्यात) कोण वर सरकलं, आणि आलेल्या अर्जांतून मुलाखतीला कोण बोलावलं गेलं. शॉर्टलिस्ट करताना नाव आणि पत्ता झाकता येत असेल तर झाका. एक्सेलमधला कॉलम लपवायला मिनिटही लागत नाही. तक्रारींचा आकडा सुरुवातीचे काही महिने वाढेल. त्याने घाबरून यादी मागे घेऊ नका, आधी न बोलणारे बोलू लागले असा त्याचा अर्थ आहे.

कायद्याचं एक भान ठेवा, कारण सगळ्या तक्रारी अंतर्गत समितीकडे ढकलण्याची चूक सर्रास होते. २०१३ च्या कायद्याखालची समिती दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे बंधनकारक आहे, पण ती स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे: तीन महिन्यांत तक्रार, वाजवी कारण असल्यास आणखी तीन महिने, आणि चौकशी ९० दिवसांत. लोकांसमोर जातीवाचक अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो, अपंग व्यक्तीला लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमानित केलं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, ट्रान्सजेंडर व्यक्तीच्या शाब्दिक आणि मानसिक छळासाठी २०१९ चा. तिथे 'आपापसात मिटवा' असा दबाव आणू नका. तक्रारदाराला पोलिसांकडे जायचा हक्क आहे, हे त्याला लेखी कळवा.

राहिला तुमचा जुना सुपरवायझर. त्याच्याकडून मन बदलल्याची कबुली मागू नका, ती तो देणार नाही, आणि दिली तरी तिचा उपयोग नाही. त्याला शिव्यांबद्दल पुन्हा बोलवू नका, ड्युटी चार्टबद्दल बोलवा. पुढच्या तीन महिन्यांत त्याच्या शिफ्टमधल्या दोन मुलींना सेटिंग शिकवून त्यांची चाचणी घ्यायची, हे त्याच्या कामाच्या उद्दिष्टांत लेखी टाका आणि त्या चाचणीचा निकाल त्याच्या वार्षिक मूल्यमापनाशी जोडा. त्याला हातातली कला उत्तम येत असणार, ती शिकवायला लावा. शिकवताना माणूस समोरच्याचं काम बारकाईने पाहतो, आणि तिने पहिला सुटा भाग अचूक मापात बसवून दाखवला की श्रेयात त्याचाही वाटा असतो. तीन महिन्यांनी चार्ट बदललेला नसेल तर त्याला शिफ्ट द्यायची की नाही हा निर्णय मॅनेजमेंटने घ्यावा, आणि कारण म्हणून शब्द नाही, चार्ट दाखवावा.

जुनी यादी सोमवारी काढून टाका. तिच्या जागी पहिल्या ढिगाच्या सहा-सात ओळी, प्रत्येकीखाली एका वाक्यात कारण, मराठीत आणि हिंदीत, आणि खाली मॅनेजमेंटच्या सहीबरोबर चिठ्ठीतून निघालेल्या लोकांपैकी जे स्वखुशीने तयार होतील त्यांच्याही सह्या. कुणी तयार झालं नाही तर कागद लावायची घाई करू नका, आधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्या.